अंगणातलं ताट

आमच्याकडं यांना बरं करणारे चौघं होते, आणि गंमत म्हणजे चौघांच्याही उपायानं यांना गुण येत होता. निदान प्रत्येक जण तसं छातीठोकपणे सांगायचा. त्या चौघांतली एक मी.

हे म्हणजे माझे मिस्टर. वस्तीवरच्या बायका नवऱ्याला ‘मालक’ म्हणतात, दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी ‘मिस्टर’ म्हणते, आणि मनातल्या मनात ‘हे’ पुरतं. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन घरी आले. वरवंडच्या पुढं, हायवेपासून थोडं आत, उसाच्या मधोमध आमची वस्ती. पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण, अंगणाच्या टोकाला लिंब. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि उतारवयात ते इथं शेतीला टेकले. माझं माहेर शिरूर. मी डी. फार्म. केलेली, हायवेला माझं मेडिकल आहे. म्हणजे घरात कुणी अडाणी नव्हतं, कुणी वाईट नव्हतं, आणि यांच्यावर जीव नसलेलं तर कुणीच नव्हतं. तरी व्हायचं ते झालं.

रिटायर होऊन आले त्या दिवशी गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती. डीजे, गुलाल, फेटे, काही कमी नाही. हे जीपमध्ये उभे राहून हसत होते आणि मान मात्र एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर फिरवत होते. मला वाटलं, ओळखीचं कुणी शोधताहेत. वरून कुणी नेम धरलाय का, ते बघत होते, हे मला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं.

नंतर एकेक दिसायला लागलं. भिंतीला पाठ लागल्याशिवाय कुठं बसायचे नाहीत. एकदा उसाच्या ट्रॉलीचं टायर रस्त्यावरच फुटलं, तर हे बांधाखाली पालथे, डोक्यावर हात. बघणारे हसले. हेही हसले आणि कपडे झटकून उठले. मी मात्र घरी आल्यावर तोंडसुख घेतलं, “लोकांसमोर काय हे?” म्हणून. वर डोंगरात ड्युटीवर असताना काय झालं होतं ते मला आजही धड माहीत नाही. एका गाडीत बरेच जण होते आणि नंतर त्यातले बरेच नव्हते, एवढंच माझ्या वाट्याला आलं.

आमची एकुलती एक लेक तेव्हा सहावीत होती. शनिवारची सकाळची शाळा करून ती दुपारी घरी आली. हे ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. भिंतीकडं ऊन आलं होतं म्हणून सावलीला सरकले होते आणि पाठ दाराकडं होती. पोरगी मागच्या दारानं आली, मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली, पाय न वाजवता ओट्यावर गेली आणि यांच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “ओळखा कोण?”

मी चुलीपुढून सगळं बघितलं. पोरगी ओट्याखाली पडली होती, यांचा गुडघा तिच्या छातीवर होता आणि तिचा हात यांच्या हातात उलटा पिरगळलेला. यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला समजलं असतं. नेमून दिलेलं काम करतानाचा तो चेहरा होता. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहिली. मी हातातलं उलथनं फेकून मारलं. ते यांच्या कानशिलावर बसलं, आणि मग यांनी खाली कोण आहे ते बघितलं.

दौंडच्या दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, “सायकलवरून पडले.” तिला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं. हे बाहेर रिक्षाजवळ उभे होते, ते आत आलेच नाहीत.

तेव्हापासून पोरगी घरात असताना यांनी उंबरा ओलांडला नाही. ती शाळेत गेली की आत यायचे, अंघोळ करायचे, देवाला हात जोडायचे, टीव्हीसमोर घटकाभर बसायचे. तिची यायची वेळ झाली की बाहेर. झोपायला अंगणात बाज, पाऊस आला तर गोठा. मी ताट वाढून ओट्यावर ठेवायचे. हे ते उचलून लिंबाखाली न्यायचे आणि तिथं बसून जेवायचे. पोरीशी बोलायचे ते लांबून, दोन वावरं पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं. “पेपर कसा गेला गं?” ती इकडून ओरडायची, “सोपा होता, पप्पा!” येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, काय मोकळी माणसं आहेत ही.

मला दुसरं काही नको होतं. माणूस पहिल्यासारखा होत नाही एवढं मला कळतं. मला फक्त स्वयंपाकघरात तीन ताटं एका ओळीत हवी होती. त्यासाठी पुढची सगळी वर्षं मी धडपडले आणि बाकीच्यांशी भांडले.

पहिला उपाय माझा. पुण्याच्या फौजी दवाखान्यात यांना घेऊन गेले. तिथले डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, हा आजार आहे, लाज वाटायचं कारण नाही, यावर गोळ्या आहेत, पण गोळ्यांबरोबर बोलणंही लागतं, आणि किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही. त्यातलं ‘गोळ्या आहेत’ एवढंच माझ्या कानात राहिलं. माझा धंदाच तो. दोन्ही वेळची गोळी मी स्वतःच्या हातानं द्यायचे, पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला लावायचे, नर्सनं लहान मुलाला करावं तसं. हेही निमूट तोंड उघडायचे.

“झोप लागली का?”

“लागली.”

“बरं वाटतंय?”

“ठीक हाय.”

मी लगेच शिरूरला भावाला फोन करायचे, गुण येतोय म्हणून.

दुसरा उपाय सुभेदार साहेबांचा. ते यांच्याच पलटणीतले, यांचे वरिष्ठ. रिटायर होऊन दौंडला राहायला आले आणि कारखान्यांना गार्ड पुरवायचं काम करायला लागले. त्यांचा फोन आला की हे बाजेवरून उठून उभे राहून बोलायचे. साहेब एकदा घरी आले आणि चहा पिता पिता मला म्हणाले, “वहिनी, ह्यो आजार-बिजार डोक्यातनं काढा. फौजी को काम चाहिए. रिकामं बसलं की माणसाचं डोकं फिरतं. आन् त्या गोळ्या आदी बंद करा. उद्या कुणाला कळलं तर बंदुकीचं लायसन जाईल, कोण ठिवंल गेटवर? जे ह्येनं बघितलं ते मी बी बघितलंय. मी खातो का गोळ्या?”

“गोळ्या नाही खात तुम्ही, साहेब,” मी म्हणाले. त्यांची संध्याकाळ कशाच्या आधारानं जाते ते सगळ्या दौंडला माहीत होतं. त्यांनाही माझं बोलणं कळलं. चिडले नाहीत, बशीत बघत बसले. म्हणाले, “ते निराळं.”

त्यांनी यांना एका साखर कारखान्याच्या गेटवर लावून दिलं. गळीत हंगामभर हे कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये पाटसच्या बाजूला जायचे. साहेबांचा फोन यायचा, “हवालदार एकदम फिट हाय, वहिनी. मी काय म्हनलो हुतो?”

तिसऱ्या शिरूरच्या मॅडम. माझ्या भावाच्या ओळखीनं मिळाल्या. पुण्यात शिकून आलेली तरुण मुलगी, लोकांशी बोलून त्यांचं मन हलकं करणं हे तिचं काम. यांना ‘सर’ म्हणायची आणि ‘सर’ ऐकलं की हे दर वेळी खुर्चीतून अर्धे उठायचे. तिचं म्हणणं असं की जे झालं ते एकदा शब्दांत बाहेर आलं पाहिजे. ते आत तसंच राहिलं तर माणूस कायम तिथंच राहतो. मी दुकान बंद ठेवून यांना चौफुल्यावरून शिरूरला न्यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. आत दार लावून बोलणं चालायचं. हे बाहेर आल्यावर मी विचारायचे, “काय बोललात?”

“त्यांनी इच्यारलं ते सांगितलं.”

“काय सांगितलंत पण?”

“तेच.”

मॅडम मला म्हणाल्या, “सर फार छान उघडताहेत.” माझा जळफळाट झाला. इतकी वर्षं संसार केला तो माझ्याशी आणि उघडताहेत परक्या पोरीपुढं. बसमध्ये मी पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले, यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. यांना ते बरंच पडलं असावं.

चौथे आबा. आबा मुळात कमी बोलणारे. आम्हा तिघांचे उपाय त्यांनी वर्षभर नुसते बघितले. मग एक दिवस मी धुणं वाळत घालत होते, तर तंबाखू मळत जवळ आले.

“तुमचं डागदर काय म्हंत्यात ते मला ठावं न्हाई, पोरी. पन मेंढीला लांडग्यानं धरली आन् कुत्र्यांनी सोडवली, तर ती जगती. मातर कळपात ऱ्हात न्हाई. कडंला हुबी ऱ्हाती, चारा तोंडात धरत न्हाई. तवा आमी काय करायचो? तिला मधी घालायचो. चारी अंगानं मेंढरं. दुसऱ्याची ऊब लागली की तिला कळतं, आपून एकलं न्हाई.”

“मग?”

“मग लागती हळूहळू खायाला.”

“आणि नाही लागली तर?”

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि उत्तर द्यायच्या ऐवजी पिंक टाकायला बांधाकडं गेले.

आठवड्याच्या बाजारातून त्यांनी थोडी मेंढरं आणली. अंगणात लिंबाभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, ठोकलं आणि यांची बाज त्याच्या मधोमध टाकली. मला हसू आलं आणि रडूही. आबांना वाटलं होतं, मेंढरांच्या उबेनं पोरगा माणसांत येईल. यांनीही मेंढरं मनापासून सांभाळली, हे कबूल केलंच पाहिजे. पाला आणायचे, आजारी मेंढराला मांडीवर घेऊन औषध पाजायचे, कोकराशी पोरीच्या लहानपणीचे बोबडे बोल बोलायचे. पोरगी खिडकीतून ते ऐकायची.

पण आमच्याकडं उसात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही, तो इथलाच रहिवासी झालाय. त्या सुमाराला त्यानं शेजारच्या वस्तीवरून कुत्रं नेलं, मग वासरू. यांनी काठी आणि बॅटरी घेतली आणि वाघरीपाशी पहारा धरला. कारखान्याचं गेट सोडलं, म्हणाले मेंढरांना माणूस पाहिजे. रात्रभर जागं राहायचं आणि दिवसा डुलकी काढायची, असं सुरू झालं. आमच्या वस्तीवरून बिबट्यानं काही नेलं नाही. शेजारी आपल्या शेळ्या संध्याकाळी आमच्या अंगणात आणून बांधायला लागले. “फौजी हाय तवर घोर न्हाई,” म्हणायचे. ज्या दुखण्यापायी माझा माणूस घरात येत नव्हता, त्या दुखण्याच्या जिवावर अख्खी वस्ती निर्धास्त झोपायला लागली. आता मी ‘यांना घरात आणा’ म्हटलं की लोकांची तोंडं पडायची.

मॅडमना सांगितलं तर त्या अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, “ताई, सरांची ड्युटी संपलीच नाही मग. तुम्ही त्यांना घरच्या अंगणात नवी चौकी काढून दिलीत.” हे आबांच्या कानावर गेलं तर ते म्हणाले, “खातोय, हसतोय, आजून काय पायजे त्या बाईला?” सुभेदार साहेब गेट सोडल्यावरून रुसले होते आणि त्यांचं म्हणणं, मेंढरं राखायला काय फौजेत गेला होता का. मी आपली गोळी देत होते.

लोकर कातरायचा दिवस आला. आमच्याकडं त्या दिवशी भाऊबंद मदतीला येतात आणि दुपारी सगळ्यांना मटणाचं जेवण असतं. मटण म्हटल्यावर सुभेदार साहेबांचा रुसवा गेला. मॅडमना मीच बोलावलं होतं, घर कसं आहे ते एकदा बघा म्हणून. हे वाघरीत गुडघ्यावर बसून मेंढी कातरत होते, पोरगी पाण्याच्या घागरी भरत होती, आणि आम्ही चौघं ओट्यावर. सुरुवात गोडीत झाली, पण थोड्याच वेळात प्रत्येक जण आपापली बाजू धरून बसला.

“गोळ्या तर त्यानं कवाच सोडल्यात,” साहेब म्हणाले. “सोता मला सांगितलं. तवापासून फिट हाय गडी.”

“मी देते रोज माझ्या हातानं!”

“ताई, माझ्याशी बोलले ते मी सांगायला नको खरं तर,” मॅडम म्हणाल्या, “पण सरांना गेटवरच्या नोकरीचा फार त्रास होत होता. साहेबांना तोंडावर सांगता येत नाही म्हणाले. माझ्याशी बोलून मोकळं वाटतं म्हणाले.”

साहेबांचं तोंड उतरलं. तेवढ्यात आबा खांबाला टेकून बसल्या जागेवरून म्हणाले, “मला तर म्हनला, त्या शिरूरच्या पोरीकडं निस्ता बसून येतो. ती इच्यारती आन् मी काय तरी सांगतो. खरी झोप मेंढरांमदी लागती म्हनला.”

आता मॅडम लाल झाल्या. आणि मला गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव आडवा आला. “आबा, मला म्हणालेत की मेंढरं तुमच्या समाधानासाठी सांभाळतो. गोळीनंच झोप येते म्हणाले.”

चौघांनाही एकदमच कळलं. प्रत्येकाला यांनी तेच सांगितलं होतं, जे ऐकायला तो आला होता. कुणाशी खोटं बोलले आणि कुणाशी खरं, की सगळ्यांशीच थोडं थोडं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मॅडम उठून वाघरीपाशी गेल्या. हळूच म्हणाल्या, “सर, आम्हाला बाजूला ठेवा. तुम्हाला खरंच कशानं बरं वाटतं?”

हे उभे राहिले. कातर खाली ठेवली, अंगावरची लोकर झटकली, हात मांडीला चिकटवले. आम्हा चौघांकडं एकेक करून बघितलं. मी शपथेवर सांगते, यात सगळ्यांत वरचा अधिकारी कोण, हे ते ठरवत होते. मग कुणा एकाकडं न बघता म्हणाले, “सगळं ठीक हाय.” आणि परत बसले. पाय बांधलेली मेंढी जशी आडवी होती तशीच पडून होती. यांनी तिची राहिलेली बाजू कातरायला घेतली.

त्या दिवशी मला कळलं की या माणसानं उपचार कधी घेतलेच नव्हते. आम्ही हुकूम देत होतो आणि ते पाळत होते. गोळी घे, घेतली. गेटवर जा, गेले. बोल, बोलले. मेंढरांत बस, बसले. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली गोष्ट होती ती, आणि ती आमच्यावर एवढी बेमालूम चालली की आम्ही तिला गुण म्हणत राहिलो.

कळलं म्हणून काही बदललं नाही. शिरूरच्या खेपा बंद झाल्या, मॅडमचं लग्न ठरलं आणि त्या पुण्याला गेल्या. साहेबांचे फोन कमी झाले. गोळ्या चालू राहिल्या, मेंढरं राहिली. ताट लिंबाखाली जात राहिलं. पोरगी बारावी झाली. मी दौंडला कॉलेज बघून ठेवलं होतं, घरून जाऊन-येऊन करता आलं असतं. ती हटून बसली, नर्सिंगच करणार आणि पुण्यातच, हॉस्टेलवर राहून. मी खूप बोलले. बापाला असं सोडून जातेस, तुला काही वाटतं का, इथपर्यंत बोलले. ती खाली मान घालून बॅग भरत राहिली. तिला सोडायला आबा आणि मी वरवंडला स्टँडवर गेलो. हे रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे होते. बस हलली तेव्हा दोघांनी एकमेकांना लांबूनच हात केला.

संध्याकाळी मी सवयीनं ताट ओट्यावर ठेवलं. मागं वळले, तर हे ताट हातात घेऊन उंबऱ्याच्या आत. स्वयंपाकघरात आले, भिंतीला पाठ लावून बसले आणि भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशीही आत, तिसऱ्या दिवशीही. काही दिवसांनी बाजही आत आली.

मी किती रडले असेन ते मलाच ठाऊक. पुण्याच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनाही बरं वाटलं. जपून राहा म्हणाले आणि एक गोळी कमी केली. साहेबांचा किती तरी दिवसांनी फोन आला, “बघा वहिनी, मी सांगत हुतो, टाइम लागतो, पन फौजी लाइनीवर येतो.” आबांनी बिरोबाला नारळ फोडला. आणि मी मनात म्हणत होते, शेवटी गोळीच. एकाच माणसाच्या जेवणावर आम्ही सगळे आपापला झेंडा लावून मोकळे झालो. डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलं नाही. दिसायला नकोच होतं मला ते.

पोरीला फोन करून सांगितलं, “अगं, पप्पा आत जेवतात! आतच झोपतात!” तिनं ‘कधीपासून?’ एवढं विचारलं. मग म्हणाली, “बरं झालं, मम्मी.” दिवाळीला ये म्हटलं तर सबबी सांगायला लागली, ड्युटी आहे, मैत्रिणीकडं जायचंय. मी ऐकलं नाही. इतक्या वर्षांनी तीन ताटं मांडायची होती मला. ये म्हणजे ये.

ती दुपारच्या बसनं आली. उंच झाली होती, केस कापले होते. आबांच्या पाया पडली. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. स्वयंपाकघरात तीन पाट मांडले, तीन ताटं वाढली, तिला बसवलं आणि यांना हाक मारली. हे दारापर्यंत आले. तिला बघितलं. चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वाटलं, झालं, संपलं सगळं. मग खाली वाकून आपलं ताट उचललं आणि बाहेर गेले. अंगण ओलांडून, लिंबाखाली.

मी मागं धावले. राग, लाज, काय काय होतं माझ्या आवाजात. “अहो, एवढी मोठी झालीय ती! तिला काय होणार आहे आता?”

“माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई,” हे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या प्रश्नाला ‘ठीक हाय’ सोडून उत्तर आलं.

“मग मी रोज असते की आत! माझी नाही भीती वाटत?”

“तू उलथनं फेकून मारशील,” हे म्हणाले. “ती न्हाई मारायची. ती गप पडून ऱ्हायली हुती.”

आणि ताटात बघत जेवायला लागले. मला उभंही राहवेना आणि जवळ बसवेना. आबा वाघरीच्या खुंटाशी बसून सगळं ऐकत होते. मी जवळून जाताना त्यांनी माझ्याकडं न बघता, मी कधीच्या काळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. “न्हाईच लागली खायाला तर कडंला ऱ्हाऊ द्यायची, पोरी. आन् तिचं कोकरू दुसरीच्या आचळाला लावायचं.”

आत पोरगी एकटीच जेवत होती. तिला बाहेरचं ऐकू गेलं होतं की नाही, तिनं विचारलं नाही. मी बसले तशी म्हणाली, “मला माहीत होतं, मम्मी. मी शाळेत गेले की पप्पा आत येतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून तर हॉस्टेल घेतलं. म्हटलं, निदान तू तरी एकटी जेवणार नाहीस.” मग माझ्या ताटात तूप कमी आहे म्हणून तिनं आपल्या हातानं वाढलं. बॅग भरताना मी तिला जे बोलले होते ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. हे रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले, हात केला आणि रात्रीचं जेवण आत जेवले.

आता ती सणावाराला मैत्रिणींच्या ड्युट्या आपल्यावर घेते. डॉक्टरांच्या मते यांच्यात चांगली सुधारणा आहे, आणि मी त्यांना खरं ते सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. संध्याकाळी तिचा फोन येतो. यांचं जेवण चालू असतं, भिंतीला पाठ, तोंड दाराकडं, तिच्या जागेवर. ती विचारते, “पप्पा कुठं जेवताहेत?” मी म्हणते, “आत.” ती म्हणते, “भाजी काय केलीस?” मी भाजी सांगते. जीव तुटतो माझा, पण तिला ‘ये’ म्हणत नाही.